पत्रिकेवरचं नाव

पत्रिका छापायचा हट्ट माझा. दुसऱ्या कुणाचाही नाही. हे आधीच सांगून टाकते, कारण आमच्याकडे ही गोष्ट निघाली की हे माझ्याकडे न बघता छताकडे बघतात, आणि छताकडे बघणाऱ्या माणसाचा मला मनस्वी राग येतो. बोला ना सरळ! ‘मृणालिनी, तू आमची वाट लावलीस,’ म्हणा. मी ऐकून घेईन. निदान अर्धं तरी.

तेव्हा आम्ही घाटकोपरला राहत होतो. स्टेशनपासून दहा मिनिटांवर श्यामकांतरावांची एकमजली इमारत, खाली ते स्वतः आणि वर आम्ही तीन भाडेकरू. आमच्या दोन खोल्या आणि पुढे गॅलरी. माणसं आम्ही सहा: सासरे भाऊ, हे, मी, माझी दोन मुलं आणि नणंद जयंती. भाडेपावती भाऊंच्या नावावर, थेट बेचाळीस सालापासून. लढाई संपली, स्वराज्य आलं, भाड्याचा कायदा आला, आणि त्या पावतीला सोन्याचं मोल चढलं. भाडेकरूला उगाच काढता येत नाही, भाडं वाढवता येत नाही. त्यामुळे मालकाला भाडेकरू म्हणजे घशात अडकलेला माशाचा काटा. आणि भाडेकरूनं एकदा खोली सोडली की पुन्हा तशी खोली मिळायची ती पगडी मोजूनच. ती आमच्यासारख्यांनी कुठून मोजायची?

म्हणूनच मुलुंडला प्लॉट घ्यायची गोष्ट निघाली तेव्हा दोन वर्षं आमच्या घरात दुसरं बोलणं नव्हतं. जेवताना तेच, मुलांचे अभ्यास घेतानाही तेच.

“भाड्याच्या घरात कौल फुटलं तर मालकाला सांगायचं,” हे म्हणायचे. “स्वतःच्या घरात कुणाला सांगणार? आरशाला?”

“मालकानं कधी बदललंय कौल?” मी म्हणायची. “चौदा वर्षं पातेली मांडतेय मी पावसात. आणि खिळा ठोकायचा तर खाली जाऊन विचारायचं. मला माझ्या भिंतीत माझा खिळा ठोकायचाय.”

“एका खिळ्यासाठी कर्ज काढायचं?”

“हो, एका खिळ्यासाठी!”

घर पाहावं बांधून म्हणतात ते काही खोटं नाही, पण न बांधता नुसतं त्यावर बोलून बघा, त्यानंही माणूस अर्धा होतो.

शेवटी तोड काढली ती भाऊंनी. भाऊ सरकारी बांधकाम खात्यात नकाशे काढायचे. एकतीस वर्षं त्यांनी साहेबांचे बंगले काढले, कचेऱ्या काढल्या, तुरुंगसुद्धा काढला एक. स्वतः मात्र कायम भाड्यानं राहिले. ते ह्यांच्याकडे बोट दाखवून म्हणाले, “दोन्ही करायचं. घर विद्याधरच्या नावानं बांधायचं, कर्ज त्याच्या नोकरीवर मिळतंय. आणि ह्या खोल्या सोडायच्या नाहीत. ह्या जयंतीच्या.”

जयंतीचं सांगायला हवं. लग्न होऊन ती बोरिवलीला गेली होती. तीन वर्षांत एक ट्रंक घेऊन परत आली. डाव्या मनगटावर एक डाग होता, तो कशाचा हे तिनं कुणाला सांगितलं नाही आणि आम्ही विचारलं नाही. मग जवळच्याच शाळेत मास्तरीण झाली. ओळखीचे वकील होते अनंतराव, त्यांनी भाऊंना कायदा समजावून दिला होता: भाडेकरू वारला तर त्याच्याबरोबर राहणाऱ्या घरच्या माणसाच्या नावावर पावती होऊ शकते. म्हणजे भाऊ आणि जयंती इथे राहिले तर भाऊंच्या माघारी ह्या खोल्या हक्कानं जयंतीच्या. कुणी तिला ऊठ म्हणू शकणार नाही.

“आणि तुम्ही, भाऊ?” मी विचारलं.

“मी आहे की! पावती इथे, रेशनकार्ड इथे, मुक्काम इथे. अधूनमधून येईन चार दिवस तुमच्याकडे.” एवढं बोलून त्यांनी नकाशा उलगडला. निळसर ट्रेसिंगच्या कापडावर काळ्या शाईनं काढलेला. ओटी, माजघर, स्वयंपाकघर, मागे विहीर. आणि माजघरात पूर्वेच्या खिडकीपाशी एक चौकोन, त्यात बारीक सुंदर अक्षरात लिहिलेलं: ‘भाऊंची खाट’.

वैशाखात घर उभं राहिलं. छप्पन साल. मुलुंडला तेव्हा मुंबई म्हणतही नसत. वीज नाही, नळ नाही, पश्चिमेला डोंगर आणि बाकी गवत. पण घर! मी पहिल्यांदा गेले तेव्हा एका भिंतीवर हात ठेवून उभी राहिले होते. गवंडी हसला. हसू दे मेल्याला.

वास्तुशांतीची तारीख ठरली. हे म्हणाले, “चार नातेवाईक बोलवू, तोंडी सांगू.”

“तोंडी? बारशाला सांगतात तसं? पत्रिका छापायच्या.”

“कुणाच्या नावानं?”

“कुणाच्या म्हणजे? घरात वडीलधारं माणूस असताना तुमच्या नावानं छापणार? लोक शेण घालतील तोंडात.”

ह्यात माझं काय चुकलं, सांगा. आमच्यात मुंजीची असो, लग्नाची असो, पत्रिका निघते ती घरातल्या मोठ्या माणसाच्या नावानं. पैसे कुणीही खर्च करो, घर कुणाचंही असो. ही रीतच आहे. मी स्वतः मजकूर लिहून छापखान्यात दिला. ‘आमचे येथे श्रीकृपेकरून आमचे मुलुंड येथील नूतन गृहाची वास्तुशांति करण्याचे योजिले आहे, तरी आपण सहकुटुंब येऊन कार्यास शोभा आणावी.’ खाली: ‘आपला, शरच्चंद्र बाळकृष्ण टिपणीस’. भाऊंनी ती हातात घेतली, चष्मा लावून दोनदा वाचली आणि आपल्या पाकिटात घालून ठेवली. मला वाटलं, जिंकले.

आणि मग मी आणखी एक केलं. कुणी सांगितलं नव्हतं. चांगली साडी नेसले, कुंकवाची कोयरी घेतली, पत्रिकेला अक्षता लावल्या आणि खाली मालकांकडे गेले. मालकीणबाई, रुक्मिणीबाई, पापड वाळत घालत होत्या. चौदा वर्षं ह्या बाईनं मला ऐकवलं होतं. कांडू नका, वरून माती पडते. पाणी सांडू नका. मुलं किती नाचतात! आज मी त्यांना कुंकू लावलं आणि म्हटलं, “आमचं स्वतःचं घर झालं हो. यायचं हं दोघांनी.”

“अगंबाई! भाऊंनी बांधलं?”

“भाऊंचं आयुष्याचं स्वप्न! पूर्वेच्या खिडकीपाशी त्यांची खाट टाकायची आहे.”

माझ्या जिभेला त्या दिवशी हाड नव्हतं. आतल्या खोलीत श्यामकांतराव वर्तमानपत्र वाचत होते. वर्तमानपत्राचा आवाज थांबला, ते मला ऐकू आलं होतं. मला वाटलं, जळतोय. जळू दे.

सहाव्या दिवशी रजिस्टर पत्र आलं. इंग्रजीत होतं. ह्यांनी उभ्याउभ्याच वाचलं आणि खाली बसले.

“काय आहे?” जयंतीनं विचारलं. ती मुलांच्या वह्या तपासत होती.

“मालकांच्या वकिलाची नोटीस. भाडेकरू शरच्चंद्र टिपणीस ह्यांनी मुलुंड येथे राहण्यास योग्य असे स्वतःचे घर बांधले आहे. स्वतःच्या नावाने गृहशांतीचे आमंत्रण दिले आहे. सबब कायद्याप्रमाणे त्यांना ह्या खोल्यांची गरज उरलेली नाही. एक महिन्यात खाली कराव्या.” ह्यांनी कागद उलटला. “आणि आमंत्रणाची नक्कल सोबत जोडली आहे.”

हातातली कणीक तशीच राहिली. कुणी माझ्याकडे बघितलं नाही. एकानं तरी बघायचं! भाऊंनी हात पुढे करून नोटीस घेतली, पाकिटातून आपली पत्रिका काढली आणि दोन्ही शेजारी शेजारी ठेवून वाचत बसले. जयंतीनं वहीवरचा लाल शेरा पुरा केला, टाक पुसला, दौतीला टोपण लावलं. मग उठून गॅलरीत गेली.

दुसऱ्या दिवशी आम्ही अनंतरावांकडे गेलो, भाऊ, हे आणि मी. अनंतराव म्हणजे तोंडात कायम सुपारी. पत्रिका बघून कपाळाला हात लावला. “अहो, ही काय पत्रिका आहे? हा तर कबुलीजबाब छापून वाटलात तुम्ही! ‘आमचे नूतन गृह’, खाली भाडेकरूचं नाव!”

“रीत आहे ती,” मी म्हटलं.

“कोर्टात जज्ज रीत विचारील, पण आधी कागद विचारील. बरं, घराचे कागद कुणाचे?”

“माझे,” हे म्हणाले. “प्लॉट, कर्ज, सगळं.”

“मग लढता येईल. पत्रिका रीतीची होती असं सांगू. पण खरा प्रश्न म्हातारा राहतो कुठे, हा. भाऊ, रागवू नका. ते सिद्ध करतील की तुम्ही मुलुंडला बिऱ्हाड हलवलंत. शांतीला श्यामकांतराव येणार, बघा. तुम्हीच बोलावलंय. नुसतं जेवायला नाही येणार तो. कुणाची खाट कुठे आहे, खुंटीवर कुणाचा कोट आहे, सगळं बघून जाईल. उद्या साक्षीच्या पिंजऱ्यात उभा राहून सांगेल.”

“मग काय करायचं?” भाऊंनी विचारलं.

अनंतरावांनी सुपारी ह्या गालातून त्या गालात घेतली. “तुम्ही जायचं नाही. त्या दिवशी तर नाहीच. तुम्ही इथे गॅलरीत खुर्ची टाकून बसायचं, गल्लीला दिसेल असं. पुढेही, दावा संपेपर्यंत, मुक्काम म्हणून एक रात्र काढायची नाही तिथे. आजारी आहेत म्हणून आले नाहीत, असंही सांगायचं नाही कुणी. म्हणजे बरे झाल्यावर येणार, असा अर्थ होतो. विचारलं तर कागदावर जे खरं आहे ते सांगायचं. घर विद्याधरचं. भाऊंचं तिथे काही नाही.”

घरी आल्यावर हे मला हळूच म्हणाले, “सोडून देऊ या का खोल्या? जयंती राहील की आपल्याकडे. मुलुंडहून शाळा काही लांब नाही.”

खरं सांगते, मला क्षणभर हायसं वाटलं. नोटीस नको, कोर्ट नको, माझी चूक पुसली जाईल. सगळे एका घरात. मीच जयंतीला सांगायला गेले. ती गॅलरीत गहू निवडत होती. मी समोर बसले, सूप ओढून घेतलं.

“वन्सं, एक सुचतंय. तुम्ही दोघं आमच्याकडेच चला ना. काय मोठं? घर आपलंच आहे.”

मी तिला वन्सं म्हणायची, फार राग आला की नुसतं जयंती. ती मला कायम वहिनीच म्हणायची. ती खडे वेचत राहिली.

“वहिनी, तू चांगली आहेस.”

“मग?”

“आज चांगली आहेस. उद्या मुलं मोठी होतील, सून येईल, जागा पुरणार नाही. मी कुठल्या कोपऱ्यात झोपायचं हे तुम्ही आपापसांत हळू आवाजात बोलाल, आणि मला ते ऐकू येईल. मी एकदा राहिलेय गं, जिथे दुसऱ्याच्या मर्जीवर राहायचं होतं तिथे.” ती थांबली. “तिकडनं निरोप येतात अजून, माहितीये? ‘बाप म्हातारा झालाय, किती दिवस उड्या मारशील, यायचंच आहे शेवटी आमच्या दारात.’ मला कुणाच्या चांगुलपणावर राहायचं नाही, वहिनी. मला पावती पाहिजे.”

मला राग आला. माझ्यावर एवढासुद्धा भरवसा नाही? जयंती, असं म्हणणारच होते. आणि मग मला दिसलं की ती खडे म्हणून गहूच बाजूला टाकत होती. तिला पुढचं काही दिसत नव्हतं. माझा राग गेला आणि भीती बसली, आणि त्यानंतरचे नऊ दिवस ती हलली नाही. खालून कुणी जिना चढलं की माझं लक्ष दाराकडे. पोळी करपायची. झोपेत मुलगा म्हणाला ‘आई, कोर्ट म्हणजे काय’, तर मी त्या बिचाऱ्याला धपाटा घातला.

शांतीच्या आदल्या दुपारी भाऊंनी नकाशा काढला. तो काचेत बसवून मुलुंडच्या ओटीवर लावायचं ठरलं होतं. त्यांनी तो जमिनीवर पसरला, चारी कोपऱ्यांवर चार वाट्या ठेवल्या आणि दाढीचं पातं मागितलं.

“पातं कशाला?”

“दे तर.”

ट्रेसिंगच्या कापडावरची शाई रबरानं जात नाही. पात्यानं हलक्या हातानं खरवडावी लागते आणि मग नखानं घासून ती जागा गुळगुळीत करावी लागते, नाहीतर खोडल्याचं दिसतं. हे मला त्या दिवशी कळलं. ‘भाऊंची खाट’. एकेक अक्षर गेलं. मग चौकोन गेला. हात अजिबात हलला नाही, एकतीस वर्षांचा हात तो. शेवटी फुंकर मारून त्यांनी कापड उजेडाला धरलं.

“दिसतंय का काही?”

“नाही,” मी म्हटलं.

“झकास,” ते म्हणाले.

मी स्वयंपाकघरात जाऊन रडले. कांदा चिरायला घेऊन रडले, म्हणजे विचारायला नको कुणी.

दुसऱ्या दिवशी मुलुंडला पन्नास-साठ माणसं आली. मी आणि हे जोडीनं बसलो होतो, होमाचा धूर डोळ्यांत, गुरुजी मंत्र म्हणतायत, आणि माझं सगळं लक्ष फाटकाकडे. जयंती घाटकोपरला भाऊंजवळ थांबली होती. येणारा जो तो पहिलं विचारायचा, “भाऊ कुठे?” पत्रिकेवर नाव त्यांचं, विचारणार नाहीत तर काय! हे प्रत्येकाला “येतो हं, जरा गुरुजी बोलावतायत” असं काहीतरी बोलून सटकायचे. भाऊंची धाकटी बहीण, माणिकआत्या, पहाटे निघून कल्याणहून आल्या होत्या. त्यांनी तर ठाणच मांडलं. “दादाच्या घराची शांत आणि दादा नाही? काय चाललंय काय तुमचं?”

“मागाहून सांगते, आत्या,” मी म्हटलं. पण मागाहून सांगायला सवड मिळालीच नाही.

पहिली पंगत बसली आणि श्यामकांतराव आले. पांढरंशुभ्र धोतर, हातात नारळ. मागे रुक्मिणीबाई. मी दोघांना पाट दिला. श्यामकांतराव बसले नाहीत. “घर तर बघू द्या आधी,” म्हणाले आणि सावकाश फिरले. ओटी बघितली, काचेतला नकाशा बघितला, अगदी जवळ जाऊन. खुंट्या बघितल्या. मग माजघरात पूर्वेच्या खिडकीपाशी उभे राहिले, जिथे पंगत बसली होती बरोबर तिथेच, आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, “वा! हीच ना ती खिडकी? भाऊंची खाट इथेच यायची ना, मृणालिनीबाई? आणि यजमान आहेत कुठे? यजमानांशिवाय शांत कसली?”

पंगत थांबली. हे वाढायचं भांडं हातात घेऊन उभे, आणि बघतायत कुठे? छताकडे. माणिकआत्यांनी मान वर करून माझ्याकडे बघितलं. त्यांना खरंच उत्तर हवं होतं. पन्नास माणसांना हवं होतं. रुक्मिणीबाईंनी मात्र मान खाली घातली होती, एवढं मला दिसलं.

मी जिलबीचं ताट खाली ठेवलं.

“यजमान हे समोर उभे आहेत,” मी म्हटलं. “घर ह्यांचं आहे. भाऊंची खाट घाटकोपरला आहे, तिथेच राहणार. ह्या घरात भाऊंचं काही नाही.”

“काही नाही?”

“काही नाही. खाट नाही, खुंटी नाही, काहीसुद्धा नाही. नाव छापलं ते रीत म्हणून छापलं.”

कुणीतरी “अगं!” असं म्हणालं. माणिकआत्यांनी पानावर पाणी सोडलं आणि उठल्या. भरल्या पानावरून उठल्या. माझ्या घराच्या पहिल्या पंगतीतून. “दादानं गेलेल्या बायकोच्या बांगड्या मोडल्या ह्या घरासाठी,” त्या म्हणाल्या, “आणि सून म्हणते त्याचं काही नाही. मला स्टेशनवर सोडा रे कुणीतरी.”

मला ओरडावंसं वाटत होतं. आत्या, थांबा, तुम्हाला ठाऊक नाही! पण तो माणूस तिथेच उभा होता, नारळ हातात घेऊन, आणि माझा शब्दन्‌ शब्द मोजत होता. मी ताट उचलून श्यामकांतरावांपुढे केलं. “जिलबी घ्या ना.” त्यांनी घेतली. खाल्लीही. मी आत्यांच्या मागे गेले नाही. त्या फाटकाबाहेर जाईपर्यंत मी वाढत होते.

पुढचं आताच सांगून टाकते, कारण ऐकणाऱ्याचा जीव टांगणीला लावलेला मला आवडत नाही. दावा लागला. दीड वर्ष तारखा पडल्या. शांतीच्या दिवशी काय काय बघितलं ते श्यामकांतरावांच्या वकिलांनी कोर्टात काढलंच नाही, कारण काढण्यासारखं काही सापडलं नव्हतं. शेवटी दावा मागे घेतला. आज पावती जयंतीच्या नावावर आहे. माणिकआत्यांना सगळं खरं सांगितलं, पण त्या पुन्हा माझ्या घरी जेवल्या नाहीत. म्हणाल्या, “कारण समजलं गं. पण कानांनी ऐकलं ते ऐकलं.”

शांतीच्या त्या संध्याकाळी मी नैवेद्याचा डबा घेऊन घाटकोपरला गेले. भाऊ गॅलरीत खुर्चीवर बसले होते, सकाळपासून. इस्त्रीचा कोट घातला होता. घरात कार्य असल्यासारखा. जयंती दारात उभी होती, तिनं डबा घेतला आणि माझा हात सोडला नाही.

मी खाली बसले आणि सगळं सांगितलं. आत्या उठून गेल्या तेही. शब्द न शब्द. भाऊंनी ऐकून घेतलं.

“चोख बोललीस,” ते म्हणाले. “मला नसतं जमलं.”

मग जिलबीचा एक तुकडा तोंडात टाकून म्हणाले, “आता घर सांग.”

मी सांगायला लागले. ओटीवरून आत आलं की माजघर, उजव्या हाताला स्वयंपाकघर...

“डाव्या,” ते डोळे मिटून म्हणाले. “उजव्या हाताला कोनाडा. पुढे?”

मी चुकत होते, ते दुरुस्त करत होते. फरशी थंड लागते का? लागते. विहिरीचं पाणी गोड आहे का? आहे. सकाळचं ऊन किती आत येतं? मी दाखवलं, इथपासून इथपर्यंत, हात पसरून. त्यांनी मान हलवली. बरोबर आलं होतं, त्यांनी धरलं होतं तेवढंच.

“आणि खिडकीपाशी? खाटेच्या जागी काय ठेवलंत?”

“काही नाही, भाऊ. ती जागा मी रिकामीच ठेवणार आहे.”

त्यांनी डोळे उघडले. गॅलरीच्या कठड्यावरून खाली, मालकांच्या दाराकडे बघितलं आणि आवाज अगदी खाली आणला.

“रिकामी ठेवू नकोस, सूनबाई. तो पुन्हा येईल. रिकामी दिसली तर विचारील, ही कुणासाठी ठेवलीय.”

दुसऱ्या दिवशी मी ह्यांना सांगून तिथे तांदळाचं पिंप ठेवून घेतलं. भाऊ नंतर तीन-चारदा मुलुंडला आले, सकाळचे, पाहुण्यासारखे, आणि दिवेलागणीच्या आत परत गेले. दर वेळी पिंपाला टेकून उन्हात उभे राहायचे. तांदूळ किती उरलाय, तेवढंच विचारायचे.